खेचरवालीची उडी

५ जानेवारी

अगं टोळा,

तुझं पत्र शूटिंगवरच्या जीपवाल्याने दुपारी आणून दिलं आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच वाचलं. तोवर भाजी करपली. करपू दे मेली! खेचरवालीचं काम तुला! आधी ठरलेली नटी दरी बघून त्याच पावली परत गेली, हे निर्मात्यांच्या ऑफिसात कानावर आलं होतं. तिच्या जागी कोण, हे मात्र कुणी बोलेना. आणि ती तू निघालीस! अठरा वर्षं दुसऱ्यांचे कपडे अंगात घालून दुसऱ्यांच्या वाटच्या उड्या मारल्यास. किती सिनेमांत तू आहेस आणि एकातही दिसत नाहीस. आता पहिल्यांदा तुझं तोंड पडद्यावर येणार, तेही मी लिहिलेल्या सिनेमात! मी घरभर नाचले. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, काय पडलं म्हणून.

एक कबूल करून टाकते. मी तुझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. टाकायला हवा होता. पण बहिणीची वशिलेबाजी म्हणतील म्हणून धीर झाला नाही. तू स्वतःच्या हिमतीवर मिळवलंस.

आता एक कोडं सांगते, तिथे बसून सोडव. या सिनेमात माझा लाडका कोण? नकाशेवाला. हिरो तो. दरीपलीकडच्या गावात साथ आलीय, औषधाची पेटी त्याला पोचवायचीय. त्याला मी पानंच्या पानं दिली, मोठं दुःख दिलं, जबाबदारी दिली. खेचरवालीला काय दिलं? दोन खेचरं आणि फटकळ तोंड. तरी पटकथा वाचणारा जो तो विचारतो, "ती खेचरवाली पुढे काय करते हो?" नकाशेवाल्याचं कुणी नावसुद्धा काढत नाही! साहसपटांत हे नेहमीचंच. थेटरातून बाहेर पडताना लोक हिरोच्या जोडीदाराच्याच नकला करत असतात.

मला वाटतं, हिरोला शेवटपर्यंत जगवायचं असतं, म्हणून आम्ही लेखक त्याला जपतो. प्रत्येक दाराशी थांबवतो, विचार करायला लावतो. जोडीदाराला कोण जपतंय? तो मेला तरी सिनेमा चालू राहतो. म्हणून तो बिनधास्त. पटतंय का?

तुझी,
ताई

११ जानेवारी

ताई,

काय तुझं ते पुस्तकी डोकं! इथे येऊन बघ म्हणजे कळेल. हिरो दाराशी का थांबतो माहितीय? विम्यामुळे!

खरंच सांगते. कंपनीने आमच्या हिरोचा, म्हणजे साहेबांचा, विमा उतरवलाय आणि त्या कागदात लिहिलंय की साहेबांचे पाय जमिनीपासून चार फुटांच्या वर जाता कामा नयेत. आमच्या स्टंट मास्तरांनी मला तो कागद दाखवला. म्हणजे साहेब भिंतीपाशी येतात, वर बघतात, भुवई उडवतात. कट. मग त्यांचा कोट घालून दुसरा कुणीतरी पाठमोरा चढतो. परत कट. साहेब वर पोचलेले, कोट झटकतायत. आता लोक काय बघणार? चेहऱ्याला काही होत नाही आणि ज्याला होतं त्याला चेहरा नाही. उलट जोडीदाराच्या कामाला कंपनी माझ्यासारखीला घेते, विमा-बिमा काही नाही. तोच चेहरा, तेच हातपाय, सगळं एका दमात दिसतं. लोक खुळे नाहीत गं, त्यांना कळतं. घे तुझं कोडं सुटलं.

आता माझी फजिती ऐक आणि कुणाला सांगू नकोस. पहिल्या दिवशी छपरावरून गवताच्या गाडीवर उडी होती. माझ्यासाठी पोरखेळ. मारली. दिग्दर्शक म्हणाले, पुन्हा. मारली. पुन्हा. मला कळेना चुकतंय काय. चौथ्यांदा ते खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "अहो बाई, तोंड! तोंड कुठे लपवताय?" ताई, मी प्रत्येक उडीला कॅमेऱ्याकडे पाठ करत होते! अठरा वर्षांत तेच शिकले ना. हवेत गेलं की हनुवटी छातीशी आणि मान पलीकडे, म्हणजे कुणाला कळू नये आत कोण आहे. माझी मान माझं ऐकेचना. सहाव्या टेकनंतर मास्तरांनी येऊन माझी हनुवटी धरली, कॅमेऱ्याकडे वळवली आणि म्हणाले, "इकडे. लाजतेस काय नवरीसारखी?" सगळं युनिट हसलं. आठव्या टेकला जमलं. दिग्दर्शकांनी टाळी दिली. असली मजा मला आजवर कधी आली नव्हती.

टोळ

१६ जानेवारी

टोळा, टोळा, टोळा!

काल निर्मात्यांच्या छोट्या थेटरात तुमचं पहिल्या आठवड्याचं काम दाखवलं. तू छपरावर आलीस, खाली बघितलंस, बोटाने नाक खाजवलंस आणि मारलीस की उडी! ते नाक खाजवणं मी लिहिलेलं नाही हं. सगळे हसले आणि त्याच दमात "हाऽऽ" करून पुढे सरकले. संकलक बाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी मागे वळून विचारलं, "ही कोण हो?" मी म्हटलं, "माझी धाकटी बहीण." एवढ्या मोठ्याने म्हटलं की मलाच लाज वाटली.

तुझं विम्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. डोक्यात नुसती धमाल चाललीय. मी खेचरवालीला आणखी तीन जागा दिल्यात. वाहत्या ओढ्यातून खेचर तीच काढणार. खोट्या चौकीदाराला थाप तीच मारणार. आणि शेवटी तुटक्या पुलावरून पेटी पाठीला बांधून तीच उडी मारणार. आधी तिथे दोघं मिळून पूल दुरुस्त करत होते. काय मिळमिळीत होतं ते! दिग्दर्शक खूश आहेत. म्हणाले, सिनेमा त्या उडीवर उभा राहील.

साहेबांचे मॅनेजर शेवटच्या रांगेत बसले होते. दिवे लागायच्या आतच ते उठून गेले. नंतर निर्मात्यांनी मला आत बोलावून घेतलं. विशेष काही नाही, इकडचं तिकडचं. तू तुझ्या कामाकडे लक्ष दे.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

ताई,

पुलाची उडी नऊ फेब्रुवारीला ठरली! काल मास्तरांबरोबर जाऊन जागा बघून आले. काय जागा आहे गं! पूल मधोमध तुटलेला, मध्ये अठरा फुटांची फट, आणि खाली बघितलं तर नदी दोऱ्याएवढी. कमरेला तार असणार, खाली जाळी असणार, तरी मी मास्तरांचा दंड धरूनच खाली वाकले. आता रोज सकाळी मैदानात चुन्याच्या दोन रेघा मारून सराव करते. पेटीत औषधाऐवजी दगड भरलेत, खऱ्या वजनाची सवय व्हावी म्हणून. आणि मान! मानेचा वेगळा सराव. मास्तर समोर उभे राहून ओरडतात, "माझ्याकडे बघ! माझ्याकडे!"

दिग्दर्शक म्हणाले, कॅमेरा पलीकडच्या टोकाला समोरासमोर लावणार, मध्ये कुठेही कापणार नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंत नुसता माझा चेहरा. ताई, मी चाळीस वर्षांची झाले. असला शॉट पुन्हा मला कोण देणार आहे? हा एक मिळाला की गुडघे गेले तरी चालतील.

साहेब माणूस वाईट नाही. माझ्याशी अहो-जाहोने बोलतात, उडी कशी मारता, झोप लागते का आदल्या दिवशी, असलं काय काय विचारतात. पण थाट मोठा! त्यांची खुर्ची रोज कड्यापासून लांब, तंबूला टेकवून ठेवावी लागते. संवाद म्हणतानासुद्धा दरीकडे पाठ करून उभे राहतात, म्हणे तसा उजेड चांगला पडतो. मोठ्यांची नाटकं, दुसरं काय.

तू माझ्यासाठी लिहिलंस हे. मला बोलता येत नाही तुझ्यासारखं, पण समजून घे.

टोळ

२८ जानेवारी

प्रिय टोळ,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. गुडघ्यांना तेल लावत जा, थंडीत कुरकुरतात. मोजे पाठवलेत, दोन जोड आहेत.

पुलाच्या प्रसंगाची थोडी बदललेली पानं याच जीपने दिग्दर्शकांकडे गेलीत. ते देतील तुला. सिनेमात असे बदल होतातच, तुला काही नवीन नाही. जरा घाईत आहे, पुढच्या वेळी सविस्तर लिहीन.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

तू माझा पाय मोडलास.

मी ती पानं जेवायच्या वेळेला सगळ्यांच्या समोर वाचली. खेचरवालीचा पाय मुरगळतो. ती दगडावर बसते. "तुम्हीच आता आमचा आधार," असं म्हणते. आणि नकाशेवाला उडी मारतो! मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. पण "आधार" शब्द तुझाच, तूच वापरतेस तो जिथे तिथे.

आणि उडी मारणार कोण, ते बोल ना! साहेबांना चार फूट. त्यांच्या बदली चढणाऱ्याने या उडीचा सराव केलेला नाही, म्हणजे मीच. साहेबांचा कोट घालून, साहेबांची टोपी घालून, कॅमेऱ्याकडे पाठ करून. आधी दगडावर बसून मीच रडायचं आणि मग मीच पाठमोरी उडी मारायची! मास्तर माझ्याकडे बघेनात. कपडेवाल्या बाईने कोट माझ्या मापाचा करायला घेतला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

मारीन मी. काम आहे, नाही म्हणायची मला सवय नाही. पण तू मला सांगितलं का नाहीस? मोजे पाठवलेस! निर्मात्यांनी आत बोलावलं तेव्हाच ठरलं ना सगळं? "विशेष काही नाही" म्हणे! मी इथे चुन्याच्या रेघांवर मान वळवायला शिकत होते आणि तू तिकडे माझा पाय मुरगळत बसली होतीस. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

या पत्राला उत्तर नको.

५ फेब्रुवारी

टोळा,

नको म्हणालीस तरी देतेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

हो, त्याच दिवशी ठरलं. निर्माते म्हणाले, हिरोपेक्षा खेचरवाली भाव खाऊन जातेय, साहेबांच्या मॅनेजरना हे चालणार नाही, उडी हिरोला द्या. नाहीतर दुसरा लेखक बघतो. मी "बरं" म्हटलं. एका शब्दाने वाद घातला नाही. दहा दिवस टाळलं, आणि मग बसले तेव्हा तासाभरात लिहून मोकळी झाले. तुला सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून मोजे घेतले. माझी मलाच शिसारी आलीय. तू ओरडलीस ते बरं केलंस.

पण कालपासून तुझं आधीचं पत्र घेऊन बसलेय आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख उजाडलीय! अगं वेडे, खुर्ची तंबूला टेकवलेली, दरीकडे पाठ, आदल्या दिवशी झोप लागते का म्हणून चौकशी. ही नाटकं नाहीत. साहेबांना उंचीची भीती वाटते! खरीखुरी, हातपाय गळतात तशी. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मी नवा प्रसंग लिहिलाय. निर्मात्यांना विचारलेलं नाही. जीपवाल्याच्या हातात बंद पाकीट दिलंय, सरळ साहेबांच्या हातात द्यायला सांगितलंय, मॅनेजरच्या नाही. बरोबर एक चिठ्ठी आहे: हा प्रसंग तुमच्यासाठी लिहिलाय, नको असेल तर फाडून टाका आणि माझी तक्रार करा. करतील कदाचित. माझं नाव सिनेमातून काढतील. काढू देत. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं!

तुझ्यासाठी नक्कल:

नकाशेवाला : मला नाही जमणार.
खेचरवाली : काय?
नकाशेवाला : उडी. माझे पाय हलत नाहीयेत. इथपर्यंत मी नकाशा बघत आलो. नकाशात खोली दिसत नाही.
खेचरवाली : मग पेटी द्या इकडे. दोर धरायला जमेल का?
नकाशेवाला : तेवढं जमेल.
खेचरवाली : धरा मग. आणि सोडू नका हं!

बाकी तुझ्या हातात.

ताई

१० फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

बस खाली. काल काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

साहेबांना पाकीट परवाच मिळालं होतं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. काल सकाळी मी कोट घालून, टोपी घालून पुलापाशी उभी. मास्तर तार तपासतायत. तेवढ्यात साहेब तंबूतून आले, हातात तुझी पानं. दिग्दर्शकांना म्हणाले, "आज हे करायचं." दिग्दर्शकांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मॅनेजर धावत आले. "साहेब, लोक काय म्हणतील? हिरो घाबरतो?" तर साहेब काय म्हणाले माहितीय? "वीस वर्षं झाली, मला कुणी घाबरायला दिलं नाही. आज घाबरू द्या." आणि माझ्या अंगावरचा कोट मागून घेतला. स्वतः घातला. मी मापाचा करून घेतलेला ना, त्यांना दंडात घट्ट झाला!

मॅनेजर निर्मात्यांना फोन लावायला निघाले. इथे रेंज कुठली? जीप घेऊन खाली गावापर्यंत जावं लागतं, दोन तास. दिग्दर्शक त्यांना म्हणाले, "सावकाश जा, रस्ता वाईट आहे," आणि वळून ओरडले, "कॅमेरा लावा! पटकन!" ताई, युनिट असं पळालं, असं पळालं! कपडेवाल्या बाईने माझी ओढणी स्वतः बांधली. मास्तर तार ओढून ओढून बघत होते आणि एकीकडे शिट्टी वाजवत होते.

साहेब पुलाच्या टोकापर्यंत आले. जमिनीवरच हो, चार फुटांचा कायदा मोडला नाही. पण दरीकडे तोंड करून. ओठ पांढरे पडले होते. "मला नाही जमणार" म्हणाले आणि मास्तरांची शिट्टी मध्येच थांबली. तो अभिनय नव्हता गं. मी माझं वाक्यच विसरले होते, कसंबसं आठवलं.

मग मी पळाले. पुलाच्या फळ्या संपल्या. उडी!

एकाच टेकमध्ये जमली. पलीकडे आपटले, कोपर सोलवटलं, पेटी शाबूत. मागे वळून बघते तर साहेबांनी दोर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. कट म्हटलं तरी सोडेनात. तो दोर नुसता दिखाऊ, मला पेलणारी तार वेगळीच! मी पलीकडून ओरडले, "साहेब, सोडा आता, पोचले मी!" तेव्हा कुठे खाली बसले. मग हसायला लागले आणि थांबेचनात. तळहात सोलून निघालेत त्यांचे. सगळ्यांना दाखवत फिरतायत.

मॅनेजर परत आले तेव्हा आम्ही जेवत होतो. निर्मात्यांचा निरोप होता की आधी तो शॉट बघायचाय. संकलक बाईंना आजच पाठवतोय. साहेब म्हणाले, मी स्वतः बोलतो त्यांच्याशी, लेखिकेच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

पण मला दुसरंच सांगायचंय. शॉट मी मॉनिटरवर बघितला. मान सरळ होती, सगळा चेहरा दिसतोय. आणि मी घाबरलेली दिसते, ताई. चांगलीच घाबरलेली. डोळे हे एवढे. मास्तर म्हणाले, "पुन्हा घेऊ, जरा हसत मार." दिग्दर्शक म्हणाले, "हात लावायचा नाही, हाच." मी नेहमीच घाबरायचे गं. अठरा वर्षं. पाठीवरून कुणाला काय कळणार? मलाही आपण शूर आहोत असंच वाटायला लागलं होतं.

आता एक घोटाळा झालाय आणि तो तुलाच निस्तरायचाय. मधोमध हवेत असताना मी ओरडले. तू लिहिलेलं नाही, मीही ठरवलेलं नाही. तुझ्यावरचा राग अजून गेला नव्हता, आदल्या दिवशीपर्यंत तुझं तोंड बघायचं नाही असंच मनात होतं. आणि दरीवर गेल्यावर तोंडातून काय निघालं, तर "ताईऽऽ!" एवढ्या जोरात की पलीकडच्या डोंगरावरून परत आलं. ध्वनिमुद्रण करणारे म्हणाले, पुसून टाकू. दिग्दर्शक नको म्हणतात, ते ओरडणं गेलं तर शॉटमधला जीव जाईल. पण खेचरवालीला ताई आहे हे अख्ख्या सिनेमात कुठेच नाही. लोक विचारतील ना, ही कुणाला हाक मारतेय? ते मला म्हणाले, लेखिकेला विचारा, एखादा प्रसंग घालता येईल का.

म्हणून विचारतेय. घालशील का? तुझ्या मनाला येईल तशी लिही तिला. हे पत्र आणणारी जीप दुसऱ्या दिवशी चारला इकडे परत निघेल, तिच्याबरोबर पानं पाठव.

तुझी,
टोळ